१९७८ ची पद्मिनी बंगळूरहून पुण्याला चालवत आणायची आहे, निघण्याआधी काय काय बघू?

पत्रा_आणि_पेट्रोल

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १९७८, १०८९ सीसी, स्टीअरिंगवरचे गिअर. कर्नाटक पासिंग. सौदा झालाय. तीन वर्षं शेडमध्ये उभी होती. आधीचे मालक दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, पण रस्त्यावर काढलेली नाही. सेल्फ मारला की लगेच सुरू होते, निळा धूर नाही, खाली तेलाचा डाग नाही.

आणायची एप्रिलमध्ये, महामार्ग ४८ नं, साधारण ८४० किलोमीटर. बंगळुरात एक मेकॅनिक चार दिवस द्यायला तयार आहे. त्या चार दिवसांत नेमकं काय करून घेऊ, सोबत कुठले पार्ट ठेवू आणि रोज किती चालवू? कागदांचंही सांगा. गाडी अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे.

दहा_अकराचा_पान्हा

चारातले दोन दिवस ब्रेकला द्या. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला लागते, ब्रेक गेला तर लागत नाही.

चारही ड्रम उघडायला लावा. आत ब्रेकचे शू (ड्रमला घासणारे पट्टे) ढकलणारा व्हील सिलेंडर असतो. त्याच्या टोकाला रबरी टोपी असते, ती बोटानं थोडी उलटून आत बघा. कोरडी असेल तर ठीक. बोटाला ओल लागली तर तो सिलेंडर बाद. चारात एक गेला असेल तर सगळेच बदला, बाकीचेही त्याच वयाचे आहेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि उभ्या गाडीत सिलेंडरच्या आत बारीक खड्डे पडतात. रबरी कप तीन वर्षं एकाच जागी बसलेला असतो, तिथं सगळं गुळगुळीत. महामार्गावर पहिल्यांदा करकचून ब्रेक मारला की कप पुढं त्या गंजलेल्या भागात सरकतो आणि फाटतो. शेडमध्ये उत्तम लागणारा ब्रेक तुमकूरच्या पुढं का जातो, ते एवढंच. जुन्या मास्टर सिलेंडरची (पॅडलला जोडलेला, चारही चाकांकडं ऑइल ढकलणारा) एअर, म्हणजे ऑइलमधली हवा, काढतानाही पॅडल तळापर्यंत दाबू देऊ नका, कारण तेच. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

पॅडल जोरात दाबून एक मिनिट धरून ठेवा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठं गळती नसेल, तर मास्टर सिलेंडर आतून पास होतोय. या वयाच्या गाडीत बहुतेक सिंगल सर्किट असतं, म्हणजे एका चाकाची गळती चारही चाकांचा ब्रेक घेऊन जाते. म्हणून हँडब्रेक नीट लागतो का ते बघाच. त्याचं काम केबलवर चालतं, ऑइलवर नाही. नवं डॉट ३ ऑइल भरा. एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकानं सुरुवात, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगलेले असतात. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही. पहिल्या दहा किलोमीटरनंतर चारही चाकांच्या मध्यावर हात ठेवा. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा होज किंवा स्प्रिंग बघा.

दर रविवारचे ते दहा मिनिटं इंजिनाला फायद्यापेक्षा तोट्याचेच. तेल पुरतं तापतच नाही, पाणी आणि पेट्रोल त्यात साचत जातं. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. २०डब्ल्यू५० किंवा २०डब्ल्यू४०, चार लिटरचा डबा घ्या आणि डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरा. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलच्या तेलाची पातळी बघा, पुढच्या सस्पेन्शनच्या सगळ्या निपलना नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा.

कूलिंग. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. एकदा नीट तापलं की हेड वाकतं आणि पॅकिंग जाते. रेडिएटर फ्लश, वरचा-खालचा होज नवा, क्लिपा नव्या, फॅन बेल्ट नवा. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला की १०-१२ मिलिमीटर दबावा. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. सतत बुडबुडे येत असतील किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा फेस असेल, तर पॅकिंग आधीच गेलीय, निघू नका. तापमानाचा काटा चढला तर थांबा, बॉनेट उघडा आणि अर्धा तास हात लावू नका. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतणारे मदतनीस रस्त्यात हमखास भेटतात, त्यांना चहा पाजा.

टायर: बाजूला चार आकडी शिक्का असतो, आठवडा आणि वर्ष. ०९१५ म्हणजे २०१५ चा नववा आठवडा. नक्षी कितीही दिसो, सहा-सात वर्षांपुढचे असतील तर पाचही बदला, ट्यूबसकट. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजा. ५० किलोमीटरनंतर ४-५ पीएसआयपेक्षा जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती.

आता पेट्रोल. टाकीतलं जुनं सगळं काढून टाका. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते टाकीच्या तळाचा जुना चिकटा सोडवतं आणि पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. पंपाच्या आधी पारदर्शक इनलाइन फिल्टर लावा आणि तीन जादा ठेवा. रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, जुने आतून मऊ होऊन सोलतात.

सोबत ठेवायचं: पॉइंट सेट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, चार प्लग, फ्यूज, पेट्रोल पंपाचा डायफ्राम किट, एक मीटर पेट्रोल पाइप क्लिपांसह, बेल्ट, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर इंजिन ऑइल, पाच लिटर पाणी, फिलर गेज, पॉलिश पेपर, टेस्ट लॅम्प, १०-१३-१७ चे पान्हे, पक्कड, बाइंडिंग वायर. पॉइंटचा गॅप ०.४० ते ०.४५ मिलिमीटर. हे पार्ट पुण्यात नाना पेठेत चौकशी करून आधीच घ्या आणि बंगळूरला जाताना घेऊन जा. कंडेन्सर दोन घ्या. हल्लीचे नवे कंडेन्सर खोक्यातूनच बाद निघतात.

कंटेनरवाला

तीन वर्षं उभी गाडी, एप्रिल महिना, ८४० किलोमीटर. मी तर कार कॅरिअरवर घालून आणली असती. वरची यादी पूर्ण करायला जो खर्च आहे, तो पुण्यात घरच्या मेकॅनिककडे निवांत करता येतो. चालवतच आणायची असेल तर निदान बंगळुरात आधी ५, मग २५, मग ६० किलोमीटरचा फेरा मारा. ६० च्या फेऱ्यात एकदाही बंद पडली, तर कॅरिअरला फोन करा.

घाटउतार

६० किलोमीटरच्या फेऱ्याचं अगदी बरोबर. तो नीट झाला तर रस्ता असा वाटून घ्या:

पहिला दिवस दावणगेरे, अंदाजे २६५ किमी. दुसरा बेळगाव, २४५. तिसरा सातारा, २३० च्या आसपास. चौथ्या दिवशी सकाळी उरलेले ११०. पहाटे उजाडताच निघा, ११ ला थांबा, ४ नंतर दिवस मावळेपर्यंत पुन्हा चालवा. कारण फक्त ऊन नाही. डायनॅमो असेल तर कमी आरपीएमला तो चार्ज करत नाही. हेडलाइट, वायपर एकत्र चालले की बॅटरी उतरत जाते. रात्री चालवूच नका.

वेग ६० ते ६५. डाव्या लेनमध्ये ट्रकच्या मागं राहा, पण चिकटून नको, पुढून गार हवा मिळाली पाहिजे. चित्रदुर्गच्या पवनचक्क्या दिसल्या की स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरा. त्या उगाच तिथं लावलेल्या नाहीत, आडवा वारा हलक्या गाडीला चांगला ढकलतो. टाकी ३८ लिटरची. काट्यावर विसंबू नका, दर २०० किलोमीटरला भरा. त्याच थांब्याला तेल, पाणी आणि चाकांचे बोल्ट बघायचे.

काही अडलंच तर बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं उद्यमनगर ही दोन ठिकाणं लक्षात ठेवा. लेथ, वेल्डिंग, घासकाम, सगळं तिथं होतं. बुशिंग मिळालं नाही तर बनवून देतील.

उतारांचं मात्र नीट वाचा. निपाणीच्या अलीकडं तवंदी घाट तुम्हाला उतरायचाय. खंबाटकीला पुण्याकडं येणारी वाहतूक बोगद्यातून येते, त्यामुळे चढ वाचतो, पण बोगद्यानंतरचं इंग्रजी एस आकाराचं वळण उतारावर आहे. आणि सगळ्यात वाईट, अगदी घराच्या दारात: कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. तिथले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक मागून येतात आणि पुढं वाहतूक तुंबलेली असते. बोगद्याच्या तोंडाशीच तिसरा टाका, गरज पडली तर दुसरा, आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, पॅडल खाली खाली जायला लागतं. सातारचा मुक्काम याचसाठी सुचवला. सकाळी ८ च्या आत नवले पूल ओलांडा.

फॉर्म_अठ्ठावीस

कागद थोडक्यात. आरसीची मुदत आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपली असेल तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही, मग कॅरिअर हाच मार्ग.

मुदत असेल तर मूळ मालकाकडून फॉर्म २८ चा अर्ज करून तिथल्या आरटीओची एनओसी घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, विक्रीची पावती. जुनं आरसी पुस्तक असेल तर गाडी ऑनलाइन नोंदींत आहे का ते आजच तपासा. नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घेणं, तोवर एनओसी निघत नाही. बहुतेकांचा वेळ इथंच जातो. महाराष्ट्रात आल्यावर १२ महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यायचा, त्यासाठी फॉर्म २७. जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्सही भरावा लागेल.

इन्शुरन्स चालू हवा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदला. स्वतःच्या नुकसानीचं कव्हर आपोआप येत नाही. पीयूसी चालू ठेवा.

आणि कुणी ‘व्हीए’ सिरीजचा विंटेज नंबर घ्या म्हणालं तर थांबा. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हायला लागतात, ७८ ची गाडी अजून बसत नाही. शिवाय तो नंबर घेतला की प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच गाडी काढता येते. रविवारी सिंहगडाला जायचा बेत असेल तर साधा नंबरच बरा.

पत्रा_आणि_पेट्रोल

सगळ्यांचे आभार. ब्रेक, टायर, तेल, होज झालं. मागचे दोन्ही व्हील सिलेंडर ओले निघाले, चारही बदलले. ५ आणि २५ चा फेरा ठीक. ६० च्या फेऱ्यात अडलं: चाळिसाव्या किलोमीटरला, ६० च्या वेगात, आधी मिसिंग (इंजिन अडखळणं), मग दम तोडून बंद. दहा मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू. पंधरा किलोमीटरवर पुन्हा तेच. तापमानाचा काटा मध्यावर. कॅरिअरला फोन करू का?

दहा_अकराचा_पान्हा

आजच नको. पुन्हा बंद पडेल तेव्हा याच क्रमानं बघा, थंड व्हायच्या आत.

एक, एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची दांडी हातानं झटका देऊन ओढा. पेट्रोलची पिचकारी दिसली तर पेट्रोल पोचतंय, दोष करंटचा. कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढून इंजिनापासून ५-६ मिलिमीटर लांब धरा, इन्सुलेटेड पकडीनं, पेट्रोल सांडलेल्या जागेपासून दूर. सेल्फ मारल्यावर निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मलूल असेल तर आधी कंडेन्सर बदला, मग कॉइल.

दोन, पिचकारी नसेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज झाला तर टाकीला श्वास घ्यायचं भोक बुजलंय. आत पोकळी तयार होते, पंप ओढू शकत नाही, दहा मिनिटांत हवा झिरपते आणि गाडी सुरू होते.

तीन, आवाज नसेल तर फिल्टर बघा.

चार, तोही स्वच्छ असेल तर व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. पंपावर आणि कार्ब्युरेटरकडं जाणाऱ्या पाइपवर ओलं फडकं टाका. लगेच सुरू झाली तर तेच. पण सिग्नलला किंवा थांबून पुन्हा सुरू करताना बंद पडली असती तर मी हा आधी धरला असता. चालत्या ६० ला, वारा लागत असताना, माझा संशय दुसऱ्या आणि तिसऱ्यावर आहे.

पत्रा_आणि_पेट्रोल

झाकण उघडलं, फुस्स. फिल्टरही चहासारखा झालाय.

दहा_अकराचा_पान्हा

झाकणातलं भोक बारीक तारेनं मोकळं करा. व्हेंटची वेगळी नळी असेल तर तिच्यातून तोंडानं फुंकून बघा, कुंभारमाशी आत घर करते. एवढ्यावर निघू नका. फिल्टर ६० किलोमीटरमध्ये चहासारखा होत असेल तर टाकी उतरवा, आत मूठभर बारीक खडी मोजून आणि दोन लिटर पेट्रोल घालून हलवा, उलटी करून ओता. पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा, मग मोजून सगळी खडी बाहेर काढा. हे काम उघड्यावर, वेल्डिंगपासून लांब. कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल (पेट्रोल साठायची वाटी) आणि जेट (बारीक भोकाची तोटी) त्याच दिवशी हवेनं साफ करा. मग पुन्हा ६० चा फेरा, आणि त्यात फिल्टरचा रंग बदलला नाही तरच दावणगेरेची खोली बुक करा.