मदत हवी आहे : नवीन कॉम्प्लेक्समध्ये पावसाचं पाणी तुंबतंय, पंप वाढवावा का? (घोडबंदर रोड, ठाणे)

कौलारू

नमस्कार मंडळी. सिव्हिलवाले, सोसायटीच्या कमिटीत हात पोळलेले आणि घोडबंदर पट्ट्यातले जुने रहिवासी, तिघांचीही मदत हवी आहे. जरा लांबण लागणार आहे.

ओवळ्याच्या अलीकडे, येऊरच्या डोंगराच्या बाजूला आमचं कॉम्प्लेक्स आहे. मागे तीन इमारती, पुढे उतारावर बारा रो हाऊस, सगळं मिळून साधारण दोन एकर. ताबा नोव्हेंबर २०२४ला मिळाला. सोसायटी अजून रजिस्टर झालेली नाही. तोवर पाच जणांची हंगामी कमिटी आहे आणि त्यात मी आहे, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोपर्यंत माझं नाव घालून झालं होतं.

जुलैमधल्या एका रात्री दहा ते साडेअकरा असा दीड तास पाऊस कोसळला. शाळेच्या प्रोजेक्टसाठी लेकीने गच्चीवर सरळ काठाचा स्टीलचा डबा ठेवला होता, त्यात ९० मिलिमीटर पाणी भरलं. अकराच्या सुमारास पार्किंगजवळच्या तीन नंबरच्या चेंबरचं झाकण आधी खडखडलं आणि मग चक्क उचललं गेलं. लालसर, चहाच्या रंगाचं पाणी उसळून बाहेर आलं. ९ ते १२ नंबरच्या रो हाऊसमध्ये घोट्यापर्यंत पाणी शिरलं, त्यातलं एक माझं. बी विंगच्या लिफ्टचा खड्डा भरला, लिफ्ट चार दिवस बंद. आजींना सहाव्या मजल्यावरून खाली आणताना काय झालं ते सांगत बसत नाही.

बिल्डरचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "मॅडम, एवढा पाऊस पडल्यावर सगळीकडेच भरतं." भाड्याने पंप आणला आणि पाणी पुढच्या रस्त्यावर सोडलं.

कमिटीत आता तीन मतं आहेत. दोघांना मोठा पंप कायमचा बसवायचा आहे, कोटेशनही आलंय. एकजण म्हणतात मागच्या भिंतीला जी भोकं आहेत त्यातून रात्रभर पाणी येतं, ती सिमेंटने बुजवून भिंत तीन फूट वाढवू. चौथ्यांनी कुठेतरी वाचलंय की दहा शोषखड्डे मारले की पाणी जमिनीत जिरतं. मला यातलं काही कळत नाही, पण पंपावर सही करायला हात धजत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी खालच्या पाड्यात राहतात. पंप लावला त्याच रात्री त्यांच्या घरात पाणी गेलं. त्या तक्रार म्हणून नाही, सहज बोलता बोलता म्हणाल्या.

काय करावं?

चिवडा

होडी घ्या. पंपापेक्षा मेंटेनन्स कमी.

ढाळ_बघा

चिवडा, त्यांच्या घरात पाणी शिरलंय हो.

कौलारू, मी सिव्हिलमध्ये आहे, गटारांचीच कामं जास्त केली आहेत. आधी थोडी माहिती द्या. बाहेर जाणारा पाइप किती इंची? भिंतीची भोकं कुठल्या उंचीवर आहेत? पुढच्या रस्त्याचं गटारही त्या रात्री भरलं होतं का? आणि झाकण उचललं तिथे नंतर जाळीवर काय अडकलेलं सापडलं? गंमत म्हणून विचारत नाही.

तोपर्यंत दोन गोष्टी. भिंतीची भोकं कोणालाही बुजवू देऊ नका, कमिटीतल्या त्या गृहस्थांना हात जोडून सांगा. ती रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती धरून ठेवणारी भिंत आहे आणि ते वीप होल आहेत, मागे साठणारं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेले. बुजवले आणि मागे दोन मीटर पाणी उभं राहिलं, तर भिंतीच्या दर धावत्या मीटरला फक्त पाण्याचा रेटा दोन टन येतो. ओल्या मातीचा वेगळा. त्यावर पुन्हा तीन फूट भिंत चढवायची म्हणजे कमालच.

दुसरं, पंपाची खरेदी थांबवा. पंप पाणी उचलतो, पण टाकतो कुठे? पुढचं गटार तुडुंब असेल तर तेच पाणी फिरून आत येतं, नाहीतर पाड्यात जातं. तुमच्याकडे दुसरं झालं.

कौलारू

पाइप १२ इंची आहे, सिमेंटचा. भोकं जमिनीपासून फूटभर आणि मग दोन-अडीच फुटांवर, अशा दोन ओळी. रस्त्याचं गटार पंप सुरू होईपर्यंत भरलं नव्हतं, वॉचमनने बघितलं होतं.

जाळीवर पाल्याचा ढीग होता. मोठी वाळकी पानं, वाडग्याएवढी, हाताला खरखरीत. साग असावा. आणि करवंदाच्या काटेरी काटक्या.

ढाळ_बघा

तुमच्या आवारात साग किती आहेत?

कौलारू

एकही नाही. बिल्डरने लावलेले अकरा पाम आहेत, त्यातले चार मेलेत.

अरे देवा. कळलं.

ढाळ_बघा

बरोबर. गच्चीवरून येणारं पाणी नितळ असतं. लाल पाणी आणि सागाची पानं तुमच्या गच्चीवरून येत नाहीत, ती डोंगरावरून आली. पाहुण्याचं पाणी आहे हे.

आता हिशोब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं. तुमच्या लेकीच्या डब्यात दीड तासात ९० मिलिमीटर, म्हणजे तासाला ६०. (तिला माझ्याकडून शाबासकी. कित्येक साइटवर एवढंही मोजलेलं नसतं.) दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. त्यात गच्च्या, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, म्हणून पडलेल्यातलं ९० टक्के वाहतं धरू. सेकंदाला साधारण १२० लिटर झाले. १२ इंची पाइपला दोनशेस एक ढाळ (दोनशे मीटरला एक मीटर उतार) असेल आणि तो पूर्ण भरून वाहत असेल तर सेकंदाला ६० ते ७० लिटर नेतो. म्हणजे नुसत्या तुमच्या पाण्यालाच तो निम्मा पडतो.

भिंतीमागच्या उतारावरून किती क्षेत्राचं पाणी तुमच्याकडे उतरतं ते बघावं लागेल. समजा तीन एकर, आणि झाडीमुळे निम्मंच वाहिलं, तरी आणखी १०० लिटर. एकूण २२०. याला २४ इंची पाइप लागतो, १८ इंचीही कमीच. म्हणून पाहुण्याला घरात न घेता बाहेरच्या बाहेर वाटेला लावणं स्वस्त पडतं. भिंतीच्या कडेने, तुमच्याच हद्दीत, कॅच वॉटर ड्रेन, म्हणजे डोंगराचं पाणी आडवं धरून बाजूने थेट नाल्यात नेणारं उघडं गटार. उघडंच ठेवा. झाकलेलं गटार कोणी साफ करत नाही.

भातखाचर

मी तिकडचाच, गावातला. तुमच्या कॉम्प्लेक्सच्या जागी आमच्या शेजाऱ्यांची खाचरं होती. येऊरकडून एक पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, यायचा, खाचरांच्या कडेने वळून रस्त्याखालच्या मोरीतून खाली खाडीकडे जायचा. आम्ही त्यात खेकडे धरायचो. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, त्यामुळे साइट बघायला मार्चमध्ये येणाऱ्याला तो दिसणारच नाही. भरणी केली तेव्हा डंपर आधी तिथेच रिकामे झाले.

खाचर म्हणजे नुसतं शेत नसतं. बांध घातलेला, की वीत-वीतभर पाणी प्रत्येक खाचरात थांबायचं, मग पुढच्यात उतरायचं. आता सगळं एकदम येतं.

गाव नकाशा काढा भूमी अभिलेखमधून. त्यात ओहोळ दाखवलेला असतो. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं फुकट दिसतात, तीही बघा.

नेरुळकर

आमच्याकडे गणित वेगळं आहे पण एक अनुभव उपयोगी पडेल. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून सिडकोने खाडीच्या कडेला धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा खाडीच्या पाण्यानेच मिटतात, तोवर शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. डच लोकांची पद्धत. कल्पना फार सुंदर. पण वर्षानुवर्षं गाळ साठला, त्यात कांदळवन उगवलं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढणं हा वेगळाच विषय होऊन बसला. तुम्ही उंचावर आहात, भरती तुमच्या दारापर्यंत येत नाही. पण पाणी थोपवणारी टाकी वगैरे करणार असाल तर ती दर मे महिन्यात कोण साफ करणार हे आधी कागदावर लिहा.

ढाळ_बघा

नेरुळकरांना अनुमोदन. टाकीचा मुद्दा आलाच आहे तर : तुमचं स्वतःचं पाणी १२० आणि पाइप नेतो ६०. हा ६०चा फरक अर्धा तास धरून ठेवायचा तर १,०८,००० लिटरची जागा लागते. दहा बाय पाच मीटर, सव्वादोन मीटर खोल. बागेखाली बसू शकते. जोर ओसरला की तीच टाकी हळूहळू रिकामी होते. पाड्याच्या दृष्टीनेही हेच बरं, कारण नुसता पाइप मोठा केला तर तुमचं संकट दुप्पट वेगाने त्यांच्याकडे जाईल.

शोषखड्डे करा, विहिरी-बोअरला चांगलेच. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण. जूनमध्ये खड्डे पितात, जुलैच्या मध्यापर्यंत त्यांचं पोट भरलेलं असतं, आणि पूर नेमका तेव्हाच येतो.

हे सगळं करण्याआधी आहे तो पाइप तरी नीट चालतो का बघा. सगळी झाकणं उघडा, लेव्हल ट्यूबने ढाळ मोजा. पारदर्शक नळी, पाणी आणि दोन माणसं, एवढंच लागतं. चेंबरमध्ये कोणी उतरू मात्र नका.

कलमबहाद्दर

कायद्याचं थोडक्यात. रेरा कायदा २०१६, कलम १४(३) : ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष लक्षात आणून दिला तर प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. तुमची मुदत नोव्हेंबर २०२९पर्यंत आहे, पण फोनवर बोललेलं मोजलं जात नाही. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही करा.

मंजूर आराखड्यात पावसाळी गटाराचा काय व्यास दाखवलाय ते माहिती अधिकारात काढा. दहा रुपये, तीस दिवस. मंजूर एक आणि जमिनीत दुसरं निघालं तर निम्मं काम झालं.

आणि वरच्या जमिनीचं नैसर्गिक पाणी खालच्या जमिनीवरून वाहू द्यावं लागतं, हे सुविधाधिकार कायद्यात १८८२पासून आहे. भिंत वाढवून पाणी शेजाऱ्यावर लोटलंत तर उद्या तुम्हीच प्रतिवादी. डोंगराच्या बाजूला वनहद्द असेल तर पलीकडे परवानगीशिवाय कुदळसुद्धा मारू नका.

कौलारू

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतेय.

रविवारी सातही झाकणं उघडली. आमच्याकडे एक रिटायर्ड फिटर काका आहेत, ते आणि मी नळी धरून आवारभर फिरलो, मुलं मागे वरातीसारखी. दोन नंबरच्या चेंबरपेक्षा तीन नंबरचा तळ चार सेंटीमीटर उंच निघाला. उलटा ढाळ! आणि बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी टॉर्च मारला तर तळाला सिमेंटचा माल घट्ट बसलेला, जवळजवळ तिसरा हिस्सा भरलेला. मिक्सर धुतलेलं पाणी आत सोडलं असणार. त्यात एक चहाचा प्लास्टिकचा कप आणि कामगाराचा रबरी हातमोजा गोठलेला, बोटं वर. काकांनी फोटो काढला तेव्हा बाजूला फुटपट्टी धरायला सांगितली, हे मला सुचलं नसतं.

फोटो आणि मापांसह पत्र गेलं. उत्तरात "टीम पाठवतो" आलंय, टीम आलेली नाही. पंप ३ विरुद्ध २ मतांनी बारगळला. भिंतीवाले गृहस्थ दोन टनांचा आकडा ऐकून गप्प झाले, आता तेच सगळ्यांना सांगत फिरतात. तात्पुरतं म्हणून भिंतीच्या कडेने वाळूची पोती रचून पाणी बाजूच्या गटाराकडे वळवलंय. परवाच्या पावसात झाकण हललं नाही. पण तो पाऊस डब्यात २२ मिलिमीटरच भरला होता, त्यामुळे खुश होत नाहीये. मावशींना विचारलं, त्यांच्याकडे पाणी नव्हतं.

आणि भातखाचर, गाव नकाशा मिळाला. तुमचा पऱ्ह्या आहे त्यात, दोन बारीक रेघांचा, वळणासकट. फिटर काकांनी ट्रेसिंग पेपरवर आमचा लेआउट उतरवून वर ठेवला. रेघा नऊ नंबरच्या कोपऱ्यातून शिरतात आणि दहा नंबरच्या स्वयंपाकघराखालून जातात. दहा नंबर माझं.

आता हा नकाशा बिल्डरच्या पुढच्या पत्राला जोडू का, की आधी वकिलाला दाखवू?

कलमबहाद्दर

आधी वकील. नाल्याची जमीन महसूल कायद्याने सरकारची असते, त्यामुळे हा कागद आता गटारापुरता राहिलेला नाही, तुमच्या घराच्या कागदपत्रांपर्यंत जातो. नकाशाची प्रमाणित प्रत घ्या, साधी झेरॉक्स चालणार नाही.

भातखाचर

ताई, स्वयंपाकघरात फरशीला ओल येत असेल तर तीही वकिलांना दाखवा. त्या वळणावर पऱ्ह्याला झरा होता, दिवाळीपर्यंत वाहायचा.