मदत हवी आहे : सोयाबीनच्या कोंबांवर शंखी गोगलगाय, घरी शेळ्या आणि कुत्रा, गोळ्या टाकाव्यात का?

शिवार_लातूर (धागाकर्ता)

अडीच एकर सोयाबीन. पेरणी होऊन नऊ दिवस झाले, उगवण चांगली आहे. बांधाकडच्या दहा-बारा ओळींत मात्र कोंब जमिनीलगत कुरतडलेले दिसतात. काही ठिकाणी नुसते देठ उभे आहेत आणि सकाळी ढेकळांवर चकाकणाऱ्या रेघा असतात. रात्री बॅटरी मारली तर बोटाएवढे, तपकिरी पट्ट्यांचे शंख चालताना दिसतात. दुकानदार मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घ्या म्हणतो. पण बांधावर शेळ्या चरतात, कुत्रा मोकळा असतो, कोंबड्याही शेतापर्यंत येतात. विचारायचं ते असं : गोळ्या टाकायच्या का, टाकल्या तर कशा? बदकं सोडून भागेल का? मुलं हाताने शंख गोळा करतात, त्यात धोका आहे का?

काळी_माती

वर्णनावरून ही आफ्रिकन शंखी गोगलगायच. आपल्या मातीतली नव्हे. पूर्व आफ्रिकेतून मॉरिशसला गेली आणि १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने तिथून कलकत्त्याला आणून बागेत सोडली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात हिने सोयाबीनचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

तुमचं नुकसान अजून बांधाकडच्या ओळींतच आहे, ही वेळ हातची घालवू नका. सुरुवात गोळ्यांनी नको, गोणपाटाने करा. १० लिटर पाण्यात १ किलो गूळ विरघळवा, त्यात जुनी बारदानं भिजवून संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बांधालगत ७-८ मीटरवर एकेक अंथरा. पपईची पानं किंवा कोबीचा पाला मिळाला तर बारदानाखाली घाला. सकाळी ऊन चढायच्या आत बारदान उलटा, शंख खाली चिकटलेले सापडतील. उशीर झाला की ते ढेकळांत आणि दगडांच्या ढिगात शिरतात.

गोळा केलेले शंख मिठाच्या पाण्यात टाका. १० लिटरला अर्धा किलो मीठ घ्या, बादलीला झाकण हवंच, कारण ते कडेने वर चढून बाहेर पडतात. दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यातच राहू द्या, मग खड्ड्यात चुन्याचा थर देऊन पुरा. पायाखाली चिरडून बांधावर टाकू नका. पोटातली अंडी तिथेच राहतात आणि त्या घाणीवर उंदीर येतात. मीठ थेट शेतात फेकायचा मोह होतो, तोही नको. गोगलगाय जाईल, पण त्या जागी पुढे पीक नीट येणार नाही.

हे एका रात्रीचं काम नाही. एक मादी वेचली की संपलं असंही नाही, कारण प्रत्येक शंख नरही असतो आणि मादीही. एका खेपेला शंभर-दोनशे अंडी सहज घालतो. आज मोठे वेचलेत तरी आठ-पंधरा दिवसांनी जमिनीतून पिल्लं निघतील. म्हणून पीक तीन-चार आठवड्यांचं होऊन खोड टणक होईपर्यंत बारदानं चालू ठेवा.

गोठा_आणि_दवा

गोळ्यांबद्दल मी लिहितो, कारण जनावरं यातच दगावतात. या गोळ्यांत साधारण २.५ टक्के मेटाल्डिहाइड असतं आणि बाकी धान्याचा भुस्सा. गोगलगायीला आवडावा म्हणूनच तो घातलेला असतो, पण कुत्रा, शेळी, कोंबडी यांनाही तो खाद्यच वाटतो. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास औषध प्राणघातक ठरू शकतं. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला सव्वाशे ग्रॅम गोळ्या पुरतात. पाकीट फाटून गोठ्यात सांडलं तर एवढ्या गोळ्या दोन मिनिटांत पोटात जातात.

आता मात्रेचा हिशेब पाहा. एकरी २ किलो म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, जेमतेम मोजक्या गोळ्या. तेवढ्याच विखरून टाकल्या तर जनावराला वेचून खायला फार मिळत नाही. जनावर मरतं ते ढिगाने. ‘इथे शंख जास्त आहेत’ म्हणून मूठ-मूठ ओतली की शेळीचं ताट वाढून ठेवलं असं समजा. तुमच्याकडे सगळ्या अडीच एकरांत टाकायची गरजही दिसत नाही. १०० मीटर बांधाला आतून ३ मीटरचा पट्टा धरा, तर दीडशे ग्रॅम पुरतं. त्याआधी चार-पाच रात्री बारदानं लावून पाहा. तेवढ्याने भागलं तर गोळ्या आणूच नका.

टाकायच्याच असतील तर जमीन ओलसर पण आभाळ कोरडं अशी संध्याकाळ निवडा. हे औषध गोगलगायीला सारखा चिकट स्राव सोडायला लावतं आणि ती आटून मरते. रात्री पाऊस आला की ती पुन्हा पाणी शोषून उठते, आणि गोळ्याही विरघळतात. ‘गोळ्या टाकल्या, काही झालं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अशा रात्रीची असते. मग लोक दुप्पट टाकतात आणि तिथे जनावरं सापडतात.

शेळ्या-कोंबड्या किमान आठवडाभर आणि गोळ्या दिसेनाशा होईपर्यंत त्या बांधावर नकोत, तिथलं गवतही कापून घालू नका. मेलेले शंख रोज सकाळी उचला, ते कुत्र्या-कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

जनावराला थरथर, लाळ, झटके, अंग तापणं दिसलं तर विषाला उतारा नाही हे आधी लक्षात घ्या. दूध, तेल, ताक पाजू नका, झटक्यात ते श्वासनलिकेत जातं. सावलीत शांत ठेवून लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि पाकीट सोबत दाखवा. फवारणीच्या कीटकनाशकाची विषबाधा अशीच दिसते, पण उपचार वेगळा असतो. पाकीट नसेल तर त्यात मोलाचा वेळ जातो.

जुन्या माहितीपत्रकांत कोंडा, गूळ आणि मिथोमिल या कीटकनाशकाचं आमिष लिहिलेलं सापडेल. ते करू नका. मिथोमिलवर २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली आहे, आणि गूळ लावलेला कोंडा गाईपासून मुलापर्यंत कुणालाही ओढून घेतो.

काळी_माती

मुलांचं : उघड्या हाताने बिलकुल नको. उंदराच्या फुफ्फुसातल्या एका कृमीची पिल्लं या गोगलगायीत वाढतात. उंदराच्या लेंड्यांतून ती तिच्यात येतात. माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. हाताला लागलेला चिकटा तोंडात गेला, किंवा पालेभाजीत चिरडलेलं बारीक पिल्लू न धुता कच्चं खाल्लं, असा तो मार्ग आहे. जाड हातमोजे किंवा चिमटा वापरा, नंतर साबणाने हात धुवा. बांधावरची मेथी-कोथिंबीर पान-पान सोडवून वाहत्या पाण्यात धुवा, शिजवली तर उत्तम. एक ते तीन आठवड्यांनी जोराची डोकेदुखी, मान आखडणं, उलटी, अंगाला मुंग्या असं काही झालं तर डॉक्टरांना गोगलगायी हाताळल्याचं आठवणीने सांगा. सांगितल्याशिवाय हा संशय त्यांच्या मनात येणं अवघड.

पाणलोट७

बदकं बारीक पिल्लं आवडीने खातात, बोटाएवढा शंख त्यांना झेपत नाही. गोळ्या टाकलेल्या शेतात तर सोडूच नका. एक शंका : गोगलगाय खाणारी शिकारी गोगलगाय परदेशात वापरतात असं ऐकलं. तशी आणून सोडता येईल का?

काळी_माती

कृपा करून हा विचार इथेच सोडा. ती गुलाबी शिकारी गोगलगाय, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. शंखी गोगलगाय आवरायला म्हणून १९५५ मध्ये हवाईत आणि १९७७ मध्ये ताहितीजवळच्या मूरेआ बेटावर सोडली. मूरेआवर तिने शंखी गोगलगायीपेक्षा झाडांवरच्या बारीक देशी गोगलगायी वेचून खाल्ल्या. दहा वर्षांत तिथल्या सातही जाती निसर्गातून नाहीशा झाल्या. शंखी गोगलगाय आहे तिथेच आहे. सह्याद्रीत गोगलगायींच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एक चूक दुसऱ्या आयात प्राण्याने निस्तरायला गेलं की दोन चुका होतात. आपल्याकडे भारद्वाज शंख फोडून खातो, काजव्याच्या अळ्या गोगलगायींवर जगतात. बांधावरची झुडपं सरसकट पेटवली नाहीत तर ते टिकतील.

शिवार_लातूर

मनापासून आभार. आजच बारदानं भिजवतो. एक राहिलं : आमच्या शिवारात ही पूर्वी नव्हती, मग आली कुठून?

काळी_माती

गेल्या वर्षभरात बाहेरून काय आलं ते आठवा : रोपवाटिकेतल्या पिशव्या, शेणखत, तलावातला गाळ, भाड्याचा नांगर. रोपांच्या पिशवीतली माती मोकळी करून पाहा. साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने सापडतात. अमेरिकेतल्या मायामीत १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून आणलेल्या तीन गोगलगायी बागेत सोडल्या गेल्या. सात वर्षांत १८ हजारांवर सापडल्या, संपवायला दहा वर्षं लागली.

सोयाबीन निघाल्यावर दगडांचे ढीग आणि उकिरड्याच्या कडा उलटून बघा. तिथे तोंडावर पांढरा कागदी पडदा ओढून बसलेले शंख मिळतील, कित्येक महिने ते तसेच जिवंत राहतात. उन्हाळी खोल नांगरट करा. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याच रात्री बॅटरी घेऊन बांध फिरा. तेव्हा ते सगळे एकदम बाहेर पडतात आणि पेरणीआधीच वेचता येतात.