लिंबाचा हलका, जुन्या पद्धतीचा केक: घरी कसा जमवायचा?

टिळकवाडीकरीण
मंडळी, सल्ला हवाय. सासऱ्यांचा वाढदिवस येतोय आणि त्यांना क्रीमचा केक अजिबात नको. बेळगावच्या कॅम्पात पूर्वी मिळायचा तसला साधा पिवळा केक पाहिजे, लिंबाच्या वासाचा. त्यांची अट एकच, "खाल्ल्यावर पोटात दगड बसू नये." घरी ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे, हँड बीटर आहे, घरचं लोणीही भरपूर. पण बघावी ती रेसिपी विलायती पिवळ्या लिंबाची. आपल्या कागदी लिंबावर भागेल का? अंडी चालतात. शिवाय श्रावणात नणंदेसाठी बिनअंड्याचा पण करायचाय, तेही सांगा.

गणपत_गल्ली
रेडीमिक्स आण की! एवढं डोकं कशाला खपवूलालीस?

खानापूरची_मावशी
रेडीमिक्सच्या लिंबाला भांड्यांच्या साबणाचा वास येतो बाबा. तूच खा तो.

टिळकवाडीकरीण, कागदी लिंबू चालतं, नुसतं चालतं नाही तर वासाला झकास आहे. फक्त एक ध्यानात ठेव. लिंबाची चव सालीतल्या तेलात असते, रसात नुसता आंबटपणा. लोक चव यावी म्हणून रस ओतत जातात, मग पीठ सैल होतं आणि केक मधोमध बसतो. आपल्या लिंबाची साल पातळ, त्यामुळे किसणीच्या बारीक बाजूवर हलक्या हातानं फिरवायची. वरचा रंग तेवढा यायला हवा. खालचा पांढरा भाग आला की केक कडू झालाच म्हणून समज. चार-पाच लिंबं लागतील, पिवळी पडायला लागलेली घे. ईडलिंबू मिळालं तर एकात काम होईल, त्याची साल जाड असते.

तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळत बस. साखर जराशी ओलसर, पिवळट होते आणि वास पार बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. तिथवर थांबायचं नाही.

प्रमाण: 4 अंडी, 150 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम लोणी, 1 सपाट चमचा बेकिंग पावडर, 2 मोठे चमचे रस, चिमूटभर मीठ. जुन्या पद्धतीत अंड्यांच्या वजनाइतकंच लोणी, साखर, मैदा घेतात. तोही केक छान, पण भरीव होतो. तुझ्या सासऱ्यांना तो नको.

हलकेपणा येतो अंड्यातल्या हवेनं. पावडर वाढवून केक फुगतो खरा, पण तोंड कोरडं करतो. म्हणून पांढरं-पिवळं वेगळं कर. लोणी आणि ती वासाची साखर पांढरट होईस्तोवर फेट, मग एकेक पिवळं बलक घाल. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून घे, ते आणि रस आलटून-पालटून मिसळ. रस एकदम ओतलास तर लोणी फाटल्यासारखं दिसतं. शेवटी पांढरं फेट. भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतकं घट्ट झालं की तीन हप्त्यांत, उलथन्यानं खालून वर उचलत मिसळ. इथं बीटर लावायचा नाही. आठ इंची डबा, आधी तापवलेला ओव्हन, 170 अंश, 35 ते 40 मिनिटं. पहिली 25 मिनिटं दार उघडून डोकावायचं नाही.

टिळकवाडीकरीण
मावशी, किती छान समजावून सांगितलंत! घरचं लोणी तसंच वापरू?

खानापूरची_मावशी
तसंच नको ग, त्यात ताक राहतं. गार पाण्यात दोनदा धू, हातानं दाबून पाणी काढ, मग मापून घे. तूप वापरणार असशील तर 80 ग्रॅम पुरे, त्यात पाणीच नसतं.

निपाणीवाला
आमच्याकडं ऐन केकच्या वेळी लाईट जाते, म्हणून आम्ही कुकरवालेच. तळाला मिठाचा थर, वर जाळी, रिंग आणि शिट्टी काढून दहा मिनिटं तापवायचा, मग डबा ठेवून मंद गॅसवर 40-45 मिनिटं. कुकरात पाणी घालायचं नाही. वरून रंग फिका राहतो, चवीत फरक नाही.

चिकोडीची_वैनी
बिनअंड्याचा माझ्याकडून घ्या. 1 वाटी दही, पाऊण वाटी साखर एकजीव करा, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवा, बुडबुडे येतात. मग अर्धी वाटी बिनवासाचं तेल, लिंबाचा कीस, दीड वाटी मैदा. रस घालूच नका, दही आंबट असतंच. पीठ झालं की लगेच ओव्हनमध्ये, गप्पा मारत बसलात तर सोड्याचा जोर संपतो.

शहापूरकर
हलकाच पाहिजे तर शिफॉन केक करा. लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर नावाच्या विमा एजंटनं 1927 मध्ये काढला. लोण्याऐवजी तेल, बाकी मदार फेटलेल्या पांढऱ्यावर. वीस वर्षं कृती कुणाला सांगितली नाही, मग जनरल मिल्स या अमेरिकन कंपनीला विकली. डब्याला तेल लावायचं नाही आणि भाजल्यावर उलटा टांगून गार करायचा, नाहीतर बसतो.

खानापूरची_मावशी
उलटा टांगायला मधे नळी असलेला डबा लागतो ओ. ती बिचारी वाढदिवसाच्या तोंडावर खडे बाजार पालथा घालणार का?

टिळकवाडीकरीण
नाही, साधाच करते. वरून काही लावायचं?

खानापूरची_मावशी
केक गरम असतानाच काडीनं भोकं पाड. 2 चमचे रसात 3 चमचे पिठीसाखर विरघळवून चमच्या-चमच्यानं सोड. कड जरा जास्त भिजव, ती आधी सुकते. आदल्या दिवशी करून झाकून ठेवलास तर वास आणखी मुरतो.

आणि साल काढलेली लिंबं टोपलीत तशीच टाकू नकोस, दोन दिवसांत दगड होतात. उरलीत त्यांचं त्याच दिवशी सरबत कर.