मदत हवी आहे : आयरिश लाकडी बासरीवर वाजवायला 'स्लो एअर' कशी निवडावी?

नमस्कार मंडळी,

जरा घाईचा प्रश्न आहे. हातात बारा दिवस आहेत.

पुण्यात असताना सहा वर्षं बासरी शिकले. आता तीन वर्षं आयर्लंडमधल्या गॉलवेला आहे. इथे आल्यावर आयरिश फ्लूट घेतला. सहा छिद्रांचा, डी स्वराचा, चाव्या नसलेला. लाकडी परवडत नव्हता, म्हणून काळ्या पॉलिमरचा. दर बुधवारी एका पबमधल्या सेशनला, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीला, जाते. जिग आणि रील या नाचाच्या जलद चाली बऱ्यापैकी जमतात, कारण तिथे सगळे एकत्र वाजवतात आणि आपण प्रवाहात वाहून जातो. स्लो एअर, म्हणजे संथ चाल, मात्र वेगळी. कोणी ती सुरू केली की बाकीचे वाद्यं मांडीवर ठेवतात, पबमधली कुजबुजही थांबते, आणि एकच माणूस वाजवतो. ताल नाही, साथ नाही. मी आजवर कधीच वाजवलेली नाही.

माझ्या घरमालकीणबाई गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमाराच्या, आयरिश भाषेत वाढलेल्या. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्यांचे यजमान गेल्या महिन्यात गेले. इथे माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा असते, तिला 'मंथ्स माइंड' म्हणतात. आजी म्हणाल्या, "त्या दिवशी तू काहीतरी वाजव. त्याला तुझं वाजवणं भिंतीपलीकडून ऐकायला आवडायचं." मी हो म्हणून बसले.

ऐकून ऐकून चार चाली बाजूला काढल्या आहेत : 'डोनल ओग', 'तामशे इम खोला', 'अनख कुआन' आणि 'द कूलिन'. चारही जीव लावणाऱ्या आहेत. यातली कोणती घेऊ? आणि निवडताना बघायचं काय? चालीचा पल्ला, सूर, लांबी, की आणखी काही? मला ती आलापासारखी वाटते, तर थोडा विस्तार केला तर चालेल का?

प्रतिसाद, डब्लिनहून

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, विस्तार करू नका. स्लो एअर ऐकायला आलापासारखी वाटते कारण ती तालात बांधलेली नसते. पण तिच्याखाली राग नाही, कविता आहे. यातल्या बहुतेक चाली 'शॅन-नोस' गाण्यांच्या आहेत, म्हणजे साथीशिवाय एकट्याने गायची जुनी आयरिश गाणी. सूर कुठे लांबवायचा आणि कुठे सोडायचा हे शब्द ठरवतात. आपल्याकडे कोणी बासरीवर अभंग वाजवला तर ऐकणारा मनात शब्द म्हणतच असतो, आणि वाजवणाऱ्याने शब्दाच्या मध्येच दम घेतला तर लगेच खटकतं. कॉनेमाराची माणसं तुमच्यासमोर बसणार आहेत. त्यांच्या मनात शब्द चालू असतील.

म्हणून चाल नव्हे, गाणं निवडा. तुमच्या चारही गाण्यांचे अर्थ आधी बघा.

'डोनल ओग' सुंदर आहे, पण ते फसवल्या गेलेल्या मुलीचं गाणं. शेवटी ती त्याला म्हणते, तू माझी पूर्व नेलीस, पश्चिम नेलीस, आणि देवही माझ्यापासून नेलास अशी भीती वाटते. नवऱ्याच्या मिस्सेला, विधवेसमोर हे वाजवू नका.

'तामशे इम खोला' म्हणजे 'मी झोपलो आहे'. पुढे येतं, 'मला उठवू नका'. नाव ऐकून वाटतं, मृत्यूसाठी यापेक्षा योग्य काय असणार. पण ते 'अॅशलिंग' प्रकारातलं आहे : कवीच्या स्वप्नात एक सुंदर स्त्री येते, आणि ती स्त्री म्हणजे आयर्लंड देश. त्यातलं दुःख राजकीय आहे. वाजवलंत तर चूक नाही, पण नावाच्या भरवशावर निवडू नका.

'अनख कुआन' तर खऱ्या घटनेवर आहे. १८२८ च्या सप्टेंबरात अनखडाउनहून गॉलवेच्या बाजाराला निघालेली होडी कोरिब सरोवरात बुडाली. सांगतात की एका मेंढीचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला, भोक बुजवायला कोणी कोट पायाने दाबला, आणि फळीच निखळली. एकोणीस माणसं गेली. अंध कवी अंतोन राफ्टरीने त्यांच्यावर हा विलाप रचला, त्यात अकरा पुरुष आणि आठ बायका असा हिशेबही येतो. गॉलवेत वाजवायला याहून जवळचं काही नाही. पण हे बुडालेल्या माणसांचं गाणं आहे. आजींना न विचारता वाजवू नका.

प्रतिसाद, पुण्याहून (मी बासरी वाजवतो, आयरिश फ्लूट दोन वर्षं)

अर्थाचं वर आलंच आहे, मी बोटांचं सांगतो. आपल्या बासरीवर वरची तीन छिद्रं बंद केली की सा, आणि सहाही बंद केली की मंद्र पंचम. डी फ्लूटवर तीन बंद म्हणजे जी, सहा बंद म्हणजे डी. म्हणजे जीमधली चाल घेतलीत तर तुमची बोटं सगळं ओळखतात, सा तिथेच आणि पंचम तिथेच. सगळी छिद्रं उघडी ठेवली की आपल्याकडे तीव्र मध्यम, इथे सी शार्प. तोही तोच. फरक फक्त शुद्ध मध्यमात आहे. आपण पहिलं छिद्र अर्धं उघडतो, हे लोक पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करतात.

चाव्या नाहीत म्हणून एफ नॅचरलवर (जी हा सा धरला तर कोमल निषाद) पुन्हा पुन्हा थांबणाऱ्या चाली टाळा. अर्धं छिद्र धरून तो स्वर निघतो, पण ओढून धरायला गेलं की पातळ होतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. मींड आपल्या हातात भिनलेली असते, ती आवरा. इथेही बोट सरकवतात, पण मोजक्या जागी. मी पहिली एअर वाजवली तेव्हा प्रत्येक दोन स्वरांमध्ये मींड घेतली होती. समोरच्या म्हाताऱ्या वादकाने इतकंच विचारलं, "यातला शब्द कुठला?" मला उत्तर देता आलं नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'डोनल ओग' आत्ताच यादीतून काढलं. अर्थ वाचून अंगावर काटा आला.

'कूलिन' जीमध्ये बसवून बघितली. बोटं खरंच आपोआप जातात. पण दम पुरत नाही. उलियन पाइप्सवरचं (आयरिश बॅगपाइप) एक ध्वनिमुद्रण समोर ठेवून वाजवते आहे. तिसऱ्या ओळीत त्यांचा सूर संपतच नाही आणि मी मध्येच तुटते. फुंक वाढवायचा रियाज सांगाल का?

प्रतिसाद, डब्लिनहून

फुंकेचा दोष नाही, नमुना चुकीचा घेतलात. उलियन पाइप्सना कोपराने दाबायचा भाता असतो आणि काखेत हवेची पिशवी. वादकाला श्वासासाठी थांबावंच लागत नाही. एअर वाजवण्यात पाइपवादकांचा हात धरणारे थोडेच, शेमस एनिस किंवा विली क्लॅन्सी जरूर ऐका, पण त्यांचा लांब सूर फ्लूटवर नक्कल करायला जाऊ नका.

गायक ऐका. कॉनेमारातल्या कार्नाचे शॅन-नोस गायक जो हीनी (१९१९ ते १९८४) ऐका. गायकालाही श्वास घ्यावा लागतो, आणि तो शब्द तोडून घेत नाही. तो जिथे घेईल तिथे तुम्ही घ्या. फ्लूट या बाबतीत पाइप्सपेक्षा गळ्याच्या जवळचा आहे, हे मला कायम त्याचं भाग्य वाटतं.

प्रतिसाद, कॉर्कहून

थोडं वेगळं सुचवते. मिस्सा आहे तर 'क्वीनू न द्री मुर्‍या' बघितलंत का? तीन मेरींचा विलाप, येशूच्या क्रूसाचं गाणं, कॉनेमारात मोठ्या श्रद्धेने गातात. पल्ला लहान, आणि 'ओखोन' हे पालुपद परत परत येतं, त्यामुळे पहिल्यांदा वाजवणाऱ्याला हात धरायला जागा मिळते. ते मुख्यतः गुड फ्रायडेचं आहे, म्हणून आधी चर्चमध्ये विचारा.

कोणी 'इनिशीर' सुचवेल. गोड आहे, पण तो संथ वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांचा. जुना हार्पवादक कॅरोलन याच्या चालींचंही तसंच : रचलेलं, मोजलेलं संगीत. सोपं म्हणून ते घेतलं तरी कमीपणा नाही. मात्र मग ते तालातच वाजवायचं, ओढून 'एअर' करायचं नाही.

आणि सगळ्यात आधी, अहो, आजींनाच विचारा ना! त्यांच्या यजमानांचं आवडतं काय होतं?

धागाकर्ती

विचारलं. काल संध्याकाळी चहा ठेवून समोर बसले.

'अनख कुआन'चं नाव काढलं तर त्यांनी हळूच मान हलवली. यजमानांचा थोरला भाऊ तरुणपणी होडीतून बाहेर पडला तो परत आला नाही. घरात रेडिओवर ते गाणं लागलं की ते उठून अंगणात जायचे. मी न विचारता वाजवलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने रात्री झोप आली नाही. डब्लिनकर, तुमचे उपकार विसरणार नाही.

मग मी 'कूलिन'च्या पहिल्या दोन ओळी वाजवल्या. आजी पुढचे शब्द म्हणायला लागल्या. गात नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या. त्या सुंदर केसांच्या मुलीला रस्त्यावरून चालताना पाहिलंत का, दव पडलेल्या सकाळी, जोड्यांवर एक डाग नाही. म्हणाल्या, "हे तो मला चिडवायला म्हणायचा. माझे जोडे कायम चिखलाचे असत."

तर 'कूलिन' ठरलं. त्यांच्याकडून एक कडवं तीनदा म्हणवून घेतलं, देवनागरीत लिहून घेतलं, आणि त्या जिथे श्वास घेत तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण केली. तिसऱ्या ओळीत त्या दोनदा श्वास घेतात! आता दम पुरतो. एकदाच वाजवणार, पुनरावृत्ती नाही.

एकच अडचण उरली आहे. सी नॅचरल, म्हणजे आपला शुद्ध मध्यम. तुम्ही सांगितलेल्या बोटांनी तो दबका निघतो, आणि नेमका एका लांब शब्दावर येतो. काय करू?

प्रतिसाद, पुण्याहून

फुंकेचा कोन जरा आत वळवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने उघडतो. नाहीतर त्या एका जागी आपल्या पद्धतीने पहिलं छिद्र अर्धं उघडा आणि खालच्या बी वरून हलकेच वर सरका. शुद्ध मध्यम हजारदा तसाच काढला आहे तुम्ही. चर्चमध्ये आदल्या दिवशी रिकाम्या वेळी जाऊन एकदा वाजवा. दगडी भिंतीत खालचा डी तुम्हाला वाटतो त्यापेक्षा भरून येईल, म्हणून तिथे जोर लावू नका. आणि फ्लूट आधी अंगाच्या उबेत ठेवा, थंड राहिला तर सूर उतरलेला लागतो.