पॅरिसला ६ मेडल, यात खूष काय व्हायचं?

केळीवाला, रावेर
पॅरिस ऑलिम्पिकवर एकदाचं बोलून घेऊ भो. ११७ जण गेले, मेडल आले ६, त्यात नीरजचं एक सिल्व्हर आणि बाकी पाच ब्राँझ, गोल्ड शून्य, टेबलात ७१ वा नंबर. टोकियोत ७ होते, एक गोल्ड होतं आणि आपण ४८ वे होतो. म्हणजे घसरलो. तयारीवर ४७० कोटींच्या आसपास गेले म्हणे. सेंट लुसिया नावाचा देश आहे, लोकसंख्या दोन लाख पण नाही, जळगाव शहराच्या निम्मे लोक नाहीत तिथे, त्यांची ज्युलियन अल्फ्रेड १०० मीटरचं गोल्ड घेऊन घरी गेली. कौतुक करा, नाही कोण म्हणतो, पण आधी मान्य करा की परफॉर्मन्स खराब होता. ते "थोडक्यात हुकलं"चं रडगाणं आता बास.

भुसावळ जंक्शन
नाना, टेबल गोल्डवर लागतं हो. पाकिस्तानचं अख्खं एकच मेडल, अर्शद नदीमचं, तरी ते ६२ वे. मग ते काय आपल्यापुढे गेले का खेळात? आणि नीरजचं म्हणाल तर टोकियोत ८७.५८ मीटरला गोल्ड मिळालं होतं, पॅरिसला त्याने भाला ८९.४५ टाकला, म्हणजे आधीपेक्षा लांबच की. समोरच्याने ९२.९७ टाकला त्याला तो बिचारा काय करणार.
सहा ठिकाणी आपण चौथे आलो. वेटलिफ्टिंगला मीराबाई १९९ किलोवर थांबली, ब्राँझ २०० ला गेलं. स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम धरायच्या खेळात, मिक्स टीम ब्राँझची मॅच ४३-४४ ने हरली. मनू भाकर २५ मीटर पिस्तूलला शूटऑफमध्ये, म्हणजे बरोबरी तोडायच्या फेरीत गेली, आणि तिचे आधीचे दोन ब्राँझ आहेतच. यातले तीन जरी लागले असते ना, तर तुम्हीच पेढे वाटत फिरले असते.

केळीवाला, रावेर
"असते"वर मेडल मिळत नाही भाऊ. लक्ष्य सेनचं घ्या, ब्राँझच्या मॅचला पहिला गेम २१-१३ जिंकला, दुसऱ्यात ८-३ ने पुढे, तिथून हरला. प्रकाश पदुकोण सर स्वतः म्हणाले की आता खेळाडूंनी पण जबाबदारी घ्यावी. ते काय दुश्मन आहेत का बॅडमिंटनचे? पण तेव्हा सगळे त्यांच्यावरच तुटून पडले.

अमळनेरची ताई
तुन्हं म्हननं पटनं नही भाऊ. विनेश फायनलला पोचली होती, सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि खेळ खल्लास. ती मुळात ५३ किलोची, ५० मध्ये उतरली, रात्रभर सायकल मारली, केस कापले. हिला पण "खराब परफॉर्मन्स" म्हणणार का? पहिल्याच कुस्तीत तिने जपानच्या सुसाकीला हरवलं, जी तोवर बाहेरच्या कोणाशी हरलीच नव्हती.

केळीवाला, रावेर
विनेशची कुस्ती एक नंबर, त्यात वाद नाही. पण वजन सांभाळणं हा त्या खेळाचाच भाग आहे ना ताई. नियम सगळ्यांना सारखाच होता.

पीटी मास्तर, धुळे
मी तीस वर्ष शिट्टी वाजवली म्हणून मधे पडतो. वजनाचं बोलता, आपल्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत काटा असतो का? पंच दोन पोरांना शेजारी उभं करतो, दंड दाबून बघतो, जोड जमली की लावून टाकतो. पहिली कुस्ती नारळावर, मग पन्नास, शंभर, शेवटी मोठ्या इनामाची. सगळं मातीत. त्या मातीतल्या पोराला सतराव्या वर्षी मॅटवर उभं केलं की त्याचा पायच चालत नाही, कारण मॅटवर सहा मिनिटांचा दम लागतो आणि पॉइंट मोजत खेळावं लागतं. मॅट आहे किती तालुक्यात?
पळण्याचं पण तेच. पहाटे पाचला बायपासवर या, पोरं ट्रकच्या लाईटमध्ये पळताना दिसतील. सगळी १६०० मीटरवाली, पोलीस भरतीची. सातपुड्यातली काही पोरं तर चपलेवर पळतात आणि तरी पुढे असतात. त्यांना स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायची शर्यत, काय ते माहीत नाही. बीडच्या अविनाश साबळेला पण फौजेत गेल्यावरच माहीत झालं, आणि तो पॅरिसला फायनल पळाला, ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेलेला पहिला भारतीय पुरुष. ११ वा आला. तुझ्या टेबलात त्याचं नाव कुठंच नाही बघ नाना.

भुसावळ जंक्शन
मास्तर 🙏 आणि रायफलमध्ये ब्राँझ आणलेला स्वप्नील कुसाळे विसरू नका, तेव्हा आमच्या सेंट्रल रेल्वेत टीसी होता! नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झालेला.

केळीवाला, रावेर
खाशाबा जाधव १९५२ ला, मग स्वप्नील २०२४ ला. महाराष्ट्राला वैयक्तिक मेडल ७२ वर्षांनी, आणि आपण मिरवणूक काढतो. मास्तर, तुमचं मॅटचं, मैदानाचं सगळं मान्य, पण ते खालच्या पोरांचं झालं. हे ११७ तर वर पोचलेले होते, त्यांना फिजिओ, फॉरेनचे कोच, सगळं होतं.

अमळनेरची ताई
वर पोचले तेच मुळात मोजके, हेच तर मास्तर सांगू राहिले. आमच्याकडच्या मैदानावर लग्नसराईत मंडप असतो, दोन महिने पोरी रस्त्यावर खो-खो खेळतात, उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटतं. मन्ही भाची त्यातलीच.

केळीवाला, रावेर
ताई, मंडपाविरुद्ध अर्ज लिहा, पहिली सही माझी. पण लक्ष्य सेन सेमीफायनलला ॲक्सेलसनसमोर पहिल्या गेमला २०-१७, दुसऱ्यात ७-० ने पुढे असून दोन्ही गेम गेले. तिथे कोणता मंडप आडवा आला?

पीटी मास्तर, धुळे
तेव्हा तो २२ वर्षांचा होता, समोरचा आधीच ऑलिम्पिक चॅम्पियन. तू २२ व्या वर्षी काय करत होतास रे?

केळीवाला, रावेर
बीएस्सीची एटीकेटी काढत होतो मास्तर. विषय बदलू नका.