अनुभव धागा: विमान हवेतून, बॅग रस्त्याने – नौदल वैमानिकांचं सामान

दाबोळीकर (धागाकर्ता)

विमानवाहू जहाजावर विमान कसं उतरतं याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. त्या वैमानिकाचे मोजे, दाढीचं सामान आणि पांढरे बूट जहाजावर कसे पोचतात, हे मात्र कुणी सांगत नाही. नव्या मुलांचे आईवडील विचारतात, म्हणून हा धागा. "आमच्या वेळी..." नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. काय न्यायचं, कशातून, आणि घोळ कुठे होतो, एवढंच लिहा. जहाजांच्या तारखा आणि हालचाली लिहिल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

सुरुवात मिग-२९के या नौदलाच्या लढाऊ विमानापासून करतो. विमानं गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर आणि विमानवाहू विक्रमादित्यचा धक्का कारवारला, हे सगळ्या भानगडीचं मूळ. बंदरात उभ्या जहाजावर मिग उतरत नाही. जहाज बाहेर पडून वाऱ्याकडे तोंड करून वेग घेतं, तेव्हाच उतरता येतं. त्यामुळे ग्राउंड क्रू, सुटे भाग, टूलबॉक्स आणि वैमानिकांच्या बॅगा आधी ट्रकने कारवारला जाऊन धक्क्यावरूनच जहाजावर चढतात. वैमानिक मागाहून हवेतून येतो. परतताना उलटं: विमानं जहाज बंदरात शिरण्याआधीच उडून जातात आणि बॅग मागे राहते. म्हणजे बॅग आणि तिचा मालक यांच्यात दोन्ही वेळा अंतर पडतं. तयारी त्या अंतराचीच करायची.

कॉकपिटमध्ये काय मावतं? काही नाही. लोक म्हणतात, काच एवढी लांब आहे, मागे जागा असेल. मिग-२९के आणि दोन आसनी केयूबी यांचा सांगाडा एकच, पण एक आसनी विमानात मागच्या सीटच्या जागी इंधनाची टाकी आहे. सीटच्या बाजूला किंवा खाली काही खुपसणं तर निषिद्धच. इजेक्शनच्या (सीटसकट बाहेर फेकलं जाण्याच्या) वेळी ती वस्तू पाय तरी अडकवते, नाहीतर यंत्रणा तरी. सुटी चावी किंवा पेन घरंगळून स्टिकच्या (विमान वळवायच्या दांड्याच्या) बुडाशी गेलं की नियंत्रणच अडतं. म्हणून अंगावर फक्त चेन असलेल्या खिशात मावेल तेवढंच: ओळखपत्र, थोडे पैसे, घराची एक चावी. चाव्यांचा जुडगा नाही, एक चावी.

ट्रकची बॅग आदल्या दिवशी जमा करा. टॅगवर नाव, स्क्वाड्रन आणि केबिन नंबर हवाच; शिवाय "मालक नंतर येणार" असं ठळक लिहा. नाहीतर धक्क्यावर "ज्याची त्याने उचला" अशी हाळी होते आणि तुमची बॅग उन्हात बसून राहते. यादीच्या दोन प्रती करा, एक ट्रकबरोबर, एक स्क्वाड्रनमध्ये. आणि हो, गोव्याच्या हद्दीवरचं पोळे ओलांडलं की माजाळीला कर्नाटक अबकारीचा नाका आहे. काकांसाठी घेतलेली फेणी बॅगेत नको. एका बाटलीपायी अख्खा ट्रक उतरवावा लागला तर पुढचे सहा महिने लोक नाव घेतील.

काळी ट्रंक

नावावरून कळलं असेलच, ट्रंकेचा पक्ष घेणार होतो, पण जहाजावर तिचं काम नाही. जहाजाचे जिने जवळजवळ उभे असतात. दरवाज्यांना जाड उंबरे, कोपऱ्याकोपऱ्याला पाईप आणि व्हॉल्व्ह. पत्र्याची ट्रंक दोघांनी धरूनही वळत नाही, वळलीच तर कुणाची तरी नडगी फोडते. केबिनमध्ये पोचली तरी ठेवणार कुठे? लॉकर अरुंद, बंकखालचा ड्रॉवर उथळ. रिकामी झाल्यावर घडी होणारी कापडी डफल बॅग घ्या. चाकांची कडक सूटकेस म्हणजे निम्मी ट्रंकच. चाकं स्टीलच्या जिन्यावर निरुपयोगी, आणि समुद्र खवळला की तीच सूटकेस रात्रभर केबिनमध्ये फिरते.

दोन मध्यम बॅगा एका मोठीपेक्षा बऱ्या. एक हात नेहमी जिन्याच्या कठड्याला हवा, त्यामुळे बॅग खांद्यावर किंवा पाठीवर घेता आली पाहिजे. जिना उतरताना आधी बॅग खाली सोडून मग आपण उतरायचं असेल, तर खाली कुणी आहे का ते ओरडून विचारायचं.

केबिन नंबर पूर्ण लिहा. नव्या विक्रांतमध्ये सुमारे २,३०० कंपार्टमेंट आहेत. मजला आणि विभाग न लिहिता नुसतं नाव लिहिलेली बॅग शोधायला अर्धा दिवस जातो. केबिन ठरली नसेल तर बॅगा स्क्वाड्रनच्या ब्रीफिंग रूममध्ये ठेवायला सांगा, हँगरमध्ये नाही. हँगरमध्ये विमानं हलतात, तेल सांडतं आणि विमानं बांधायच्या साखळ्यांच्या वाटेत आलेली बॅग कुणीही कुठेही सरकवतं.

पांढरा गणवेश प्लास्टिकमध्ये हवाबंद करून वर सिलिका जेलच्या पुड्या टाका. कातडी बुटांना पॉलिश करून मगच भरा, आठवड्यात बुरशी धरते. फ्लाइंग ओव्हरऑल किमान तीन न्या: एक अंगात, एक धोब्याकडे, एक कोरडा. तेल लागलेला ओव्हरऑल पांढऱ्या कपड्यांच्या गाठोड्यात गेला तर सगळ्या वॉर्डरूमला (अधिकाऱ्यांच्या मेसला) कळतं.

मीनल_प

मुलगा कोर्स संपवून आत्ताच स्क्वाड्रनला गेलाय. पॉवर बँक आणि फोन बॅगेत द्यायचा का?

काळी ट्रंक

ताई, स्मार्टफोन नकोच. २०१९ च्या डिसेंबरपासून नौदलाने जहाजं, तळ आणि गोद्यांमध्ये त्यावर बंदी घातली आहे. तो घरीच ठेवावा. पॉवर बँक, लायटर, डिओचा दाबाचा डबा हेही ट्रकच्या बॅगेत नको. चेपलेली लिथियम बॅटरी बंद जागेत पेटली तर विझवणं अवघड, आणि जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नाही. द्यायचंच तर साधं गजराचं घड्याळ द्या. फोन नसला की त्याची खरी गरज पडते.

मुडपलेला पंखा

वरचं सगळं मोठ्या जहाजाचं झालं. नौदलातले कितीतरी वैमानिक चेतक हेलिकॉप्टर घेऊन छोट्या जहाजावर जातात. मुंबईत नौदलाचा हेलिकॉप्टर तळ शिक्रा कुलाब्याला आणि गोदी जवळच, त्यामुळे सामान ट्रकने गोदीत. पण मागाहून निघालेला माणूस आपली बॅग हेलिकॉप्टरमध्येच नेतो, आणि तिथे खरा प्रश्न वजनाचा.

चेतकचं कमाल उड्डाण वजन २,२०० किलो. त्यातून हेलिकॉप्टर, इंधन, क्रू आणि विंच (सामान-माणसं दोराने वर-खाली घ्यायचं यंत्र) वजा केलं की उरतं ते थोडं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तेही घटतं. म्हणून बॅग काट्यावर तोला, अंदाज सांगू नका. "असेल आठेक किलो" ही बॅग बहुतेक वेळा चौदा भरते. सहा किलो चोरून आणले म्हणजे परतीसाठी तितकं इंधन कमी.

बॅग जमिनीवरच्या कड्यांना जाळीने किंवा पट्ट्याने बांधायची, वजन एका टोकाला नाही. मांडीवर नाही, दाराशी नाही. बाहेर लोंबणारे बंद कापून टाका किंवा टेपने चिकटवा. दार उघडं असताना उडालेली टोपी किंवा पिशवी शेपटीच्या पंख्यात गेली की संपलं. स्पीकर, चुंबकाचा मोबाइल स्टँड वगैरे पुढे पायलटजवळ ठेवू नका, राखीव होकायंत्र बिघडतं. आणि पंखा फिरत असताना सामान द्यायला कधीच मागून यायचं नाही. पायलटला दिसेल असं बाजूने, इशारा मिळाल्यावर, वाकून. लांब वस्तू आडवी धरा, खांद्यावर उभी नाही.

दोरखंड

हेलिकॉप्टर उतरू शकत नसेल तर दोन वाटा.

विंच: बॅग थेट हुकला लावू नका. हलकी बॅग पंख्याच्या वाऱ्याने गरगर फिरते. दोन-तीन बॅगा जाळीत एकत्र घाला आणि जाळीला खालून दोर ठेवा, म्हणजे डेकवरचा माणूस ती स्थिर धरतो. हुक खाली येताच हात लावायचा नाही. हेलिकॉप्टरवर साठलेली स्थिर वीज आधी डेकला किंवा अर्थिंगच्या काठीला उतरू द्यायची. नाहीतर असा झटका बसतो की माणूस मागे पडतो. आणि हुक जहाजाला बांधायचा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये.

जॅकस्टे: दोन जहाजं समांतर चालतात, मध्ये ताणलेला दोर, त्यावरून सामान. हलक्या जॅकस्टेची मर्यादा २५० किलो, तेव्हा वजनाची चिंता नाही, चिंता पाण्याची. जहाजं जवळ झुलली की दोर सैल पडतो आणि बॅग लाटेला टेकते. आतलं सगळं जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड पिळून बांधा. कागदपत्रं आणि फ्लाइंग लॉगबुक या वाटेने पाठवू नका.

होडीतून दोरशिडीने चढायचं असेल तर बॅग पाठीवर घेऊन चढू नये. वरून सोडलेल्या दोराला बोलाईन गाठ मारून ती वेगळी ओढून घेतात. बॅगेचा एकच हँडल धरून बांधाल तर हँडल वर येतो, बॅग समुद्रात. दोर बॅगेभोवती फिरवून मग हँडलमधून न्या.

व्हर्जिनिया बीच

अमेरिकेतली पद्धत थोडक्यात. तिथेही जेट समुद्रात गेलेल्या जहाजावरच उतरतात, ओशियाना या नौदल तळाहून उडतात आणि बॅगा नॉरफोकच्या धक्क्यावरून चढतात. फरक एवढाच की मागे राहिलेल्या माणसासाठी आणि टपालासाठी खास विमान आहे. जुनं सी-२ ग्रेहाउंड सुमारे साडेचार टन माल किंवा २६ माणसं घेतं. सीट मागे तोंड करून, चार पट्टे, डोक्यावर हेल्मेट. सामान शेपटीच्या रॅम्पवर जाळीखाली. डेकवरच्या आडव्या तारेत हुक अडकवून उतरताना विमान दोनेक सेकंदांत थांबतं, तेव्हा मांडीवरची पाच किलोची बॅग दहा-पंधरा किलोच्या जोराने सुटते. म्हणून पेनसुद्धा खिशात, खिसा बंद. त्याच्या जागी आलेलं सीएमव्ही-२२बी ऑस्प्रे २०२१ मध्ये कार्ल व्हिन्सन या विमानवाहू जहाजावरून पहिल्या मोहिमेवर गेलं. ते उभं उतरतं, हिसका नाही, पण भार पावणेतीन टनांच्या आसपासच.

भारतीय जहाजांवर असं विमान नाही, सगळी मदार हेलिकॉप्टरवर. त्यामुळे "राहिलेली बॅग मागून येईल" या भरवशावर राहू नये.

दाबोळीकर (धागाकर्ता)

उत्तम. परतीचं राहिलं होतं. उडायच्या आदल्या रात्रीच बॅग भरून, कुलूप लावून, ग्राउंड क्रूमधल्या एका ठरलेल्या माणसाकडे द्या. सकाळी फ्लाइंगच्या गडबडीत केबिन रिकामी होत नाही, आणि तुमच्या मागे तिथे कुणी येणार असतं. नंबरचं कुलूप वापरा आणि नंबर त्या माणसाला सांगून ठेवा. परदेशी बंदरातली खरेदी असेल तर पावत्या वरच्या कप्प्यात. कस्टमवाले बॅग उघडतील तेव्हा तुम्ही दाबोळीला असाल. ओला टॉवेल आणि घामट बूट वेगळ्या पिशवीत, बॅग घरी कधी पोचेल सांगता येत नाही.

स्क्वाड्रनच्या लॉकरमध्ये एक साधा पँट-शर्ट, चपला आणि स्कूटरची दुसरी चावी कायम ठेवा. पावसाळ्यात स्कूटरची बॅटरीची वायर काढून जा.