मदत हवी आहे: गोल करून बसवलं तरी मुलं एकमेकांशी बोलत नाहीत

नमस्कार मंडळी, इस्लामी शिक्षणातली हलका पद्धत, म्हणजे शिक्षकाभोवती गोल करून बसायचं आणि चर्चेतून शिकायचं, ती वर्गात करून बघतेय. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने १३७७ मध्येच 'मुकद्दिमा' या ग्रंथात लिहून ठेवलंय की गप्प बसून नुसतं पाठ करणाऱ्यांना विषय हाताळता येत नाही, चर्चा-वादविवादाने ते जमतं (मदरसा म्हणजे फक्त घोकंपट्टी म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार). पण माझ्याकडे मुलं उत्तर देताना माझ्याच तोंडाकडे बघतात, आणि युसूफ नबींच्या (पैगंबर, ज्यांना भावांनीच विहिरीत टाकलं) गोष्टीवर "भाऊ असे का वागले असतील?" विचारलं की एकदम चिडीचूप, असं बोललेलं चालेल का अशी भीती बहुतेक. कुणी असे तास घेतलेत का? पहिला प्रश्न काय टाकता आणि स्वतः किती वेळ गप्प राहता?